जकात नाक्यावरची कानबाई

फुकट ते पौष्टिक म्हणणारी माणसं निराळी. मी त्यातली नाही. पिंप्राळ्याच्या बाजारात मी जन्मभर भरिताची वांगी विकली. वांगं जितकं चकचकीत, तितकं मी आधी देठापाशी बघते, कारण अळी तिथूनच शिरते. म्हणून महापालिका स्वतःच्या जागेवर आपल्यासारख्यांना कायमची परवडणारी घरं देणार, असं संघमित्राताई आमच्या चाळीत येऊन सांगायला लागली, तेव्हा बाकीच्या बायका हरखल्या आणि मी देठ शोधायला लागले.

संघमित्राताई आमच्याच चाळीत, शेवटच्या खोलीत राहायची. दवाखान्यात नर्स. माझ्यापेक्षा बरीच लहान, पण बोलायला लागली की कचेरीतले साहेब खुर्ची सरकवून बसायचे. तिने धरलेली जागा म्हणजे जुना जकात नाका. एके काळी तिथे ट्रकांची रांग लागायची. मग जकात बंद झाली, वजनकाटा गंजला, वेड्या बाभळी माजल्या आणि कुत्र्यांनी तिथे संसार मांडला. महापालिकेला त्या जागेचा काही उपयोग उरला नव्हता. पण शहरात नकोशी जागा मोकळी थोडीच राहते? मोठ्या मोठ्या लोकांच्या गाड्या तिथे येऊन उभ्या राहायच्या आणि काचेआडून बघून जायच्या. त्यांच्या आधी ताईने आणि तिच्याबरोबरच्या बायकांनी चपला झिजवल्या आणि ती जागा घरांसाठी मिळवली. हे मीही मान्य करते. पण मिळवली ती कोणासाठी, हा माझा सवाल होता.

पहिल्याच बैठकीत मी उभी राहिले. विचारलं, जमीन महापालिकेची, भिंती आमच्या, मग डोक्यावरचं छप्पर कोणाचं? बायका हसल्या. ताई हसली नाही. तिने नीट समजावलं. जमीन शहराची आहे आणि शहराचीच राहणार. घरात आपण राहायचं, पोरांनी राहायचं, नातवंडांनी राहायचं. कोणी काढणार नाही. पण घर बाजारात विकायचं नाही. सोडायचं तर सोसायटीला परत द्यायचं. जे भरलं असेल ते मिळेल, वर थोडं. रक्ताच्या नात्यातल्या माणसाला तेवढं देता येईल. आणि नातं खरं की खोटं, हे शेजारीपाजारी सांगतील, कारण कागदावर नातं कोणीही लिहून आणतं. खोटा नातेवाईक उभा केला, तर घर सोसायटीकडे जमा.

विकता येत नाही ते घर कसलं, असं माझा अमृत माझ्या कानाशी पुटपुटला. अमृत माझा एकुलता एक. मोबाइलच्या दुकानात कामाला होता तेव्हा. मीही मान हलवली. ताईने ते ऐकलं आणि म्हणाली की गरिबाला घर मिळतं, अडचण आली की गरीब ते विकतो, पैसा चार दिवस पुरतो आणि त्याचा पोरगा पुन्हा भाड्याच्या खोलीत येतो. ही जागा एकदा हातातून गेली की शहरात दुसरी मिळणार नाही. ऐकायला ठीक होतं. पण ऐकायला ठीक असलं की माझ्या मनात पाल चुकचुकते, त्याला मी काय करू?

बांधकाम चाललं तेव्हा मी रोज दुपारी टोपली घेऊन तिकडून जायचे. भिंतीवर बोटाच्या पेराने ठोकून बघायचे. सिमेंटच्या गोण्या मोजणाऱ्या पोराला दटावायचे. ताईने स्वतःला दोन घरं ठेवली असतील, वरच्या मजल्यावरची कोणा पुढाऱ्याच्या मेव्हण्याला गेली असतील, असं नळावर बोलायचे. ते ताईपर्यंत गेलं. एक दिवस ती बाजारात आली, अर्धा किलो वांगी घेतली आणि शांतपणे म्हणाली, "अक्का, शंका घ्या, मी कुठे नाही म्हणते? ही जागा शंकेखोर माणसंच टिकवतील." मी वांग्यांच्या टोपलीत मान घातली. पण मनात म्हटलं, गोड बोलते बया.

शेवटी घर मिळालं. पहिल्या मजल्यावर, माझ्या आणि अमृतच्या नावाने. ताईलाही एकच मिळालं, तेही जिन्याखालचं, जिथे दिवसा लाइट लावावा लागतो. तरी मी म्हटलं, थांबा, पुढे कळेल.

त्या घरात आल्यावर मला एकच ओढ लागली होती, ती कानबाईची. आमचं गाव शिंदखेड्याकडचं. आमच्याकडे श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नारळाला नथ-बांगडी घालून, साडी नेसवून चौरंगावर मांडायची, रात्रभर गाणी म्हणायची आणि सोमवारी विसर्जन करायचं. पण ही देवी भाड्याच्या खोलीत बसवत नाहीत. आज बसवली आणि उद्या मालकाने खोली खाली करायला सांगितली, तर देवीला काय तोंड दाखवायचं? त्यामुळे लग्न होऊन जळगावला आल्यापासून मी दुसऱ्यांच्या कानबाईपुढे गाणी म्हटली. माझे यजमान गेले ते हीच हळहळ घेऊन गेले. नारळ गावी मोठे दीर सुकदेवनानांकडे राहिला.

म्हणून आषाढ संपता संपता अमृत आपणहून म्हणाला, की माय, औंदा कानबाई आपल्या घरी बसवू, नानांना आणि बाकी भाऊबंदांना बोलावू, तेव्हा माझ्या डोळ्यांना धार लागली. सून दिपमाला ओट्याशी उभी होती. ती काहीच बोलली नाही. ती दोंडाईच्याची, एरवी सणवार म्हटलं की नाचत पुढे येणारी. मला वाटलं, कामाच्या धास्तीने गप्प असेल.

त्याच सुमारास तो पांढऱ्या बुटांचा माणूस मला पहिल्यांदा दिसला. पावसाळ्यात पिंप्राळ्यात पांढरे बूट घालून फिरणारा माणूस कामाला येत नाही, बघायला येतो. तो खालच्या वजनकाट्यापाशी उभा राहून आमच्या इमारतीकडे बघत होता. त्यातून रस्त्याकडच्या खिडक्यांकडे जास्त. आणि आमची खिडकी रस्त्याकडचीच. दोन दिवसांनी तो संघमित्राताईच्या दारात उभा दिसला. ताई हात हलवत काही सांगत होती, तो मान डोलवत होता. झालं, मला हवा तो देठ सापडला. मी त्या दिवशी नळावर सगळ्यांना सांगितलं, की बघा बायांनो, गिऱ्हाईक यायला लागलं, ही बाई आपल्याला पायरी पायरीने खाली उतरवणार. अमृतलाही सांगितलं. तो म्हणाला, तू कशाला डोकं लावतेस, माय? एवढं बोलून तो मोबाइल घेऊन गच्चीवर गेला.

कानबाईच्या आदल्या दिवशी मी रोटाचं धान्य काढायला बसले. आमच्या घरची रीत अशी, की भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू आणि त्यात हरभऱ्याची डाळ. ते दळायचं, त्याचे रोट करायचे आणि ते फक्त भाऊबंदांनी खायचे. जावई असला तरी त्याला नाही. शेजारी कितीही जीवाचा असला तरी त्याला नाही. पुरणपोळी खा, खीर खा, देवीचं दर्शन घ्या, पण रोट घराच्या उंबऱ्याबाहेर जात नाही. चक्कीवालासुद्धा त्या दिवशी चक्की धुऊनपुसून रोटाचं धान्य वेगळं दळतो. आमच्याकडे कोणाचं कोणाशी नातं आहे हे बघायचं असेल तर कोर्टात जायला नको, रोटाच्या पंगतीत बघावं.

मी एकेकाचं नाव घेऊन मुठी घालत होते. सुकदेवनाना, त्यांची दोन्ही मुलं, अमृत. अमृत समोर बसून बघत होता. माझं झालं तसा म्हणाला, माय, आणखी सव्वा मूठ घाल. मी विचारलं कोणाची? तो म्हणाला घाल ना, आणि दिपमालाकडे बघितलं. दिपमालाने मान खाली घातली.

अगं बाई! माझ्या म्हातारीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सून गप्प आहे, जेवत नाही, मान खाली घालते. येणाऱ्या जिवाची मूठ! मुलगा की मुलगी हे कोणाला ठाऊक, पण बापाने हौसेने मूठ मागितली. मी भरभरून मूठ घातली, वर आणखी चिमूट टाकली, आणि दिपमालाच्या तोंडावरून हात फिरवून माझ्या कानशिलावर बोटं मोडली. ती रडायला लागली. मला वाटलं, आनंदाने. जगभरच्या देठांना मी हात लावला होता, फक्त घरातल्या टोपलीला नाही.

रविवारी नाना नारळ घेऊन आले, त्यांची मुलं आली. घर भरलं. चौरंगावर कानबाई अशी सजली, की माझं चित्त थाऱ्यावर राहिना. इमारतीतल्या बायका दाराशी दाटीने उभ्या राहून गाणी म्हणत होत्या. तेवढ्यात अमृत खाली गेला आणि संघमित्राताईला घेऊन आला. इथे मी जरा थबकले. ताई बौद्ध. ती देवाला हात जोडत नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक. कोणी बोलावलं तर येते, दारात बसते, लेकरांची विचारपूस करते आणि जाते. अमृत एरवी तिचं नाव निघालं की तोंड वाकडं करायचा. मग आज तिला हाताला धरून आणण्याइतकं प्रेम कुठून आलं? आणि आणलं तेही ऐन रोटाच्या पंगतीला, जिथून तिला सगळे पाट दिसतील अशा जागी खुर्ची टाकून बसवलं.

मी पाट मोजायला वळले, तर उंबऱ्याजवळ चपलांच्या ढिगात पांढरे बूट.

मी मान वर केली. तो माणूस नव्या टोपीत, नानांच्या मुलाशेजारी, पाटावर मांडी घालून बसला होता. अमृत मोठ्या आवाजात, दारापर्यंत ऐकू जाईल असं सांगत होता, की हे आपले ज्ञानेश्वरदादा, सुरतेकडच्या भाऊबंदांपैकी, पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेल्या घरातले. बऱ्याच वर्षांनी शोध लागला. सुकदेवनानांनी डोळे बारीक करून बघितलं आणि असतील बुवा, असं म्हटलं. आमच्यातली निम्मी माणसं सुरतेलाच आहेत, नानांना तरी कुठे सगळी पाठ? आणि अमृत ताईकडे वळून म्हणाला, बघा ताई, आमचा भाऊबंद.

तेव्हा मला सगळं कळलं. जादाची मूठ कोणाची, ते कळलं. कानबाई का बसवली, ते कळलं. उद्या सोसायटीत विचारलं असतं, की हा माणूस नात्यातला आहे का, तर दारातल्या सगळ्या बायांनी सांगितलं असतं, हो, रोटाला बसला होता. एवढा मोठा पुरावा कोणत्या कचेरीत मिळतो? माझ्या पोराने घर विकायला देवीला साक्षीला बसवलं होतं. संघमित्राताईच्या दारात तो माणूस कशाला उभा होता, तेही कळलं. तो नियम विचारायला आला होता आणि ती त्याला नाही म्हणून सांगत होती. कुंपणच शेत खात होतं आणि मी शेजारणीच्या शेळीला दगड मारत बसले होते.

तरी मन मानेना. म्हटलं, खरंच भाऊबंद असला तर? देवीच्या पंगतीतून आपल्याच माणसाला उठवल्याचं पाप लागेल. मी दिपमालाकडे बघितलं. तिच्या हातात रोटाची परात होती. नानांना वाढलं, नानांच्या मुलांना वाढलं, आणि त्या माणसासमोर येऊन ती उभीच राहिली. हात पुढे जाईना. अमृत दातांवर दात धरून म्हणाला, वाढ. ती हलली नाही. नवऱ्यासाठी माझ्यापुढे खोटं वागायला ती तयार होती, पण कानबाईपुढे तिचा हात धजेना. मला आणखी काय हवं होतं?

आणि तरी मी बोलायच्या आधी एक श्वास थांबले, हे लपवत नाही. गप्प बसले असते तर अमृतने माझी सही घेऊन घर त्या माणसाला दिलं असतं आणि मला दोंडाईच्याला त्याच्या सासऱ्याच्या दुकानामागच्या खोलीत नेऊन टाकलं असतं. बोलले तर नियमाप्रमाणे घर सोसायटीकडे जमा. दोन्हीकडून माझंच छप्पर जात होतं. आणि बोलले तर दारातल्या इतक्या बायांसमोर पोराचं तोंड काळं होत होतं. पण देवी ज्या घरात एकदा बसली, त्या घराचं तिच्यासमोर खोटं करायचं? यजमान ज्याची वाट बघत गेले त्या पाटावर गिऱ्हाईक बसवायचं? माझ्या अंगाची लाही लाही झाली.

मी पुढे होऊन त्या माणसासमोरचं ताट उचललं.

"भाऊ, तू ऊठ," मी म्हटलं आणि पुढचं आमच्या अहिराणीतच तोंडून निघालं. "हाऊ रोट तुना नही शे." मग दाराकडे वळले आणि ताईच्या डोळ्याला डोळा देऊन सांगितलं, "हाऊ आमना भाऊबंद नही. घर घेवाले येल शे."

गाणी थांबली. तो माणूस उठला, टोपी काढली आणि अमृतला काहीतरी इसाराबद्दल बोलत बूट शोधायला लागला. तेवढ्यावरून नानांनाही उमगलं. त्यांनी हातातला घास खाली ठेवला. अमृतचा चेहरा पांढराफटक पडला होता. एवढंच म्हणाला, "बठ्ठा लोकेसना समोर, माय?" आणि त्या माणसाच्या मागोमाग जिना उतरून गेला. पोटच्या पोराच्या पायांचा तो आवाज मी अजून विसरले नाही.

ताई खुर्चीवरून उठली. मला वाटलं, आता ही नळावरच्या सगळ्या बोलण्याचा हिशेब चुकता करेल. ती म्हणाली की हे समितीपुढे ठेवावं लागेल, लपवता येणार नाही. मी म्हटलं, लपवू नकोस, लपवलंस तर मी पुन्हा तुझ्यावर शंका घेईन. तिच्या ओठाचा कोपरा जरासा हलला.

बायका तशाही जागरणासाठी जमलेल्याच होत्या. दिवेलागणीला समितीतल्या आणि बाकीच्या सगळ्या खाली, जुन्या वजनकाट्याच्या ओट्यावर बसल्या. मी वर कानबाईपाशी बसून राहिले. खाली आवाज चढत होते. नियम म्हणजे नियम, असं म्हणणाऱ्याही होत्या, आणि त्या चूक नव्हत्या. मी त्यांच्या जागी असते तर तेच म्हटलं असतं. शेवटी ताई वर आली. ठरलं असं, की ज्या बाईने स्वतः पंगत मोडली तिचं घर काढायचं नाही. घर एकट्या झुंबरबाईच्या, म्हणजे माझ्या, नावाने राहील. अमृतचं नाव कमी करायचं, त्यासाठी मंगळवारी मी सोसायटीत येऊन सही करायची. माझी सही झाली नाही, तर मात्र घर जमा. मी मान डोलावली. दिपमाला माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. पोटात कोणी नाही म्हणाली. मला ते ठाऊक झालंच होतं, पण तिच्या तोंडून ऐकलं तेव्हा पुन्हा एकदा तुटलं.

सोमवारी मेहरूण तलावावर विसर्जनाला निघायच्या आधी रोट संपवायचे असतात. नानांनी आणि मुलांनी आपला वाटा संपवला. जादाच्या मुठीचे रोटही त्यांनीच वाटून खाल्ले. राहिला तो अमृतचा वाटा. नाना म्हणाले आम्ही खातो. मी म्हटलं थांबा. ज्याची मूठ घातली तो जिवंत आहे, त्याचा वाटा दुसऱ्याच्या पोटात का घालायचा?

दुपार कलली तेव्हा तो आला. उंबऱ्याबाहेर उभा राहिला. दाढी वाढलेली, शर्ट कालचाच. मला आधी भडभडून आलं आणि लगेच मन म्हणालं, हा कशाला आला असेल? रोटासाठी आला की सही अडवायला? पोर दारात उपाशी उभं आहे आणि आई असा विचार करते, काय ही माझी जात! पण केला विचार. तो बाहेरूनच म्हणाला, दे माझा वाटा, इथेच खातो. मी सांगितलं, रोट बाहेर जात नाही, आत ये.

तो आत आला, कानबाईपुढे टेकला, पाटावर बसला. मी वाढलं. वर भोपळ्याची भाजी वाढली, खीर वाढली. तो खाली मान घालून जेवत होता. शर्टाच्या खिशातून घडी घातलेल्या कागदाचं टोक दिसत होतं. दुकानाची पावती असेल. नसेलही, त्या इसाराचा कागद असेल.

अर्धा रोट झाल्यावर तो म्हणाला, "माय, उद्या सही करशी का?"

एवढ्यासाठीच आला होता तर. किंवा दोन्हीसाठी आला असेल, पोराचं मन आईला कधी पुरतं दिसतं का?

"करसू," मी म्हटलं. "तुना वाटाना रोट दरसाल ठेवसू, बेटा. घर नही."

ताटातला रोट त्याने कण न् कण संपवला. आणि तो उठेपर्यंत मी त्याच्या खिशावरची नजर काढली नाही.